मोबाईलवरचं बायबल आणि रमाबाईंचं काम

आमच्या वरवट बकालकडे पारायण म्हटलं की समोर पोथीच लागते. मोबाईलवर ग्रंथ वाचून कसला अभ्यास, असं मलाही वाटायचं. एका ख्रिस्ती सहकाऱ्याने 'अँडबायबल' हे मोफत ॲप दाखवलं आणि मत बदललं.

त्यात जाहिराती नाहीत. ग्रंथ एकदा डाउनलोड केला की नेट लागत नाही (आपल्या नेटबद्दल काय सांगावं!). एकच वचन दोन भाषांतरांत शेजारी-शेजारी वाचता येतं. काही प्रतींत तर शब्दावर बोट ठेवलं की मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द दिसतो. अडचण एकच, त्याचा अर्थ इंग्रजीत येतो. ज्या आईला इंग्रजी येत नाही, तिने काय करायचं?

केडगावच्या पंडिता रमाबाई इथेच आठवतात. त्या हिब्रू, ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणलं. १९२२ साली त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ ला निघाला. ॲप फुकट मिळालं म्हणून हे काम संपलं असं मी मानत नाही. म्हणून वाचताना वही जवळ ठेवा. दोन भाषांतरांत कुठला शब्द बदलला ते लिहा, आणि घरात तो शब्द आपल्या बोलीत कसा म्हणाल, तेही मुलांना विचारा.