हाताला काम, कामाला हात

दि. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन करताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी महाराष्ट्र शासनाच्या आणखी एका उपक्रमाचा प्रारंभ केला. विमानतळाच्या झगमगाटात त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 'स्टेप' या नावाने सुरू झालेल्या या योजनेत राज्यातील 400 शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि 150 शासकीय तांत्रिक विद्यालयांत अल्प मुदतीच्या 2,500 नव्या तुकड्या सुरू करण्याचा संकल्प आहे. त्यांपैकी 364 तुकड्या केवळ महिलांसाठी, तर 408 तुकड्या सौरऊर्जा, विद्युत वाहने, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा नव्या विषयांसाठी आहेत. उद्योगांना जे कौशल्य हवे तेच तरुणांना शिकवावे, हे या योजनेचे सूत्र. सूत्र निर्दोष आहे आणि शासनाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि अशा योजनेची खरी परीक्षा पुण्या-मुंबईत होत नसते. ती भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात होते.

प्रशिक्षण आणि उद्योग यांची सांगड घालण्याचे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. कारागीर प्रशिक्षण योजना 1950 साली आली, शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 साली झाला. 2007-08 मध्ये केंद्राने देशातील 1,396 शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आणली आणि व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योजकाकडे सोपविले. राज्याने 2015 मध्ये प्रमोद महाजन यांच्या नावे कौशल्य अभियान हाती घेतले, 2023 मध्ये ग्रामीण भागात 511 केंद्रे उघडली. एवढे सारे होऊनही कारखानदार 'कामाचा माणूस मिळत नाही' म्हणतो आणि प्रमाणपत्र हाती घेतलेला तरुण 'काम मिळत नाही' म्हणतो. दोघेही खरे बोलत असतील, तर दोष मधल्या दुव्यात आहे. उद्योजकाला आपण समितीत खुर्ची दिली, जबाबदारी मात्र दिली नाही.

भंडाऱ्याचे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेला हा सात तालुक्यांचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा म्हणून ओळखला जातो. पण तो उद्योगशून्य नाही. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, गडेगावचा अशोक लेलँड, वरठीचा सनफ्लॅग पोलाद कारखाना, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील 'मॉईल'च्या मँगनीज खाणी ही याच मातीतील नावे आहेत. तरीही धानाची कापणी आटोपली की येथील तरुण नागपूरची, पुण्याची, हैदराबादची वाट धरतो. साकोलीजवळ मुंडीपार येथे 2013 साली 'भेल'च्या प्रकल्पाचा पायाभरणी समारंभ झाला. प्रकल्प मात्र उभा राहिला नाही. ज्या कारखान्याची नुसती कोनशिलाच बसली, त्याच्या भरवशावर कोणते प्रशिक्षण द्यायचे?

म्हणून 'उद्योगांची मागणी' हा शब्द सावधपणे वापरला पाहिजे. भंडाऱ्यात ही मागणी तीन प्रकारची आहे. पहिली मोठ्या कारखान्यांची. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे कायद्याचे बंधन आहे. जिल्ह्यातील कोणत्या आस्थापनेने या वर्षी किती उमेदवार घेतले, याची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर दरवर्षी लावली, तर निम्मे काम विनाखर्च होईल.

दुसरी मागणी लहान उद्योगांची. तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ. जिल्ह्यात ठिकठिकाणी भात गिरण्या आहेत. तेथे तांदळाची रंगानुसार प्रतवारी करणारे यंत्र चालविणारा, उकड्या तांदळाचा बॉयलर सांभाळणारा, मोटार जळाली तर तासाभरात दुरुस्त करणारा माणूस हवा असतो. पण पाच-दहा माणसांवर चालणारा गिरणीवाला कोणत्याही सल्लागार समितीत नसतो. अशा गिरण्यांना एकत्र आणून त्यांच्यासाठी स्थानिक आयटीआयने तुकडी चालवावी. मुंबईत ठरलेला अभ्यासक्रम येथे आणून चिकटविण्यापेक्षा ते अधिक फलदायी ठरेल.

तिसरी मागणी कागदावर दिसतच नाही. भंडारा ही पितळनगरी. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघरातून पितळ हद्दपार केले, तसे ओतकाम-ठोककाम जाणणारे हातही थकत गेले. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष जोपासणारे ढीवर बांधव आणि मोहाडी-आंधळगावचे कोष्टी विणकर यांची अवस्था वेगळी नाही. विडी वळून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनींचा तो आधारही क्षीण होत आहे. या सर्वांना नोकरी देणारा मालक नाही. त्यांना हवा आहे नवा नमुना, नवे अवजार आणि बाजाराची वाट. 2023 मध्ये सुरू झालेली विश्वकर्मा योजना आणि 'स्टेप'मधील महिलांच्या तुकड्या यांची येथे गाठ घातली पाहिजे.

शासनाने आपल्याच अनुभवातून शिकावे, असेही एक उदाहरण आहे. 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत दरमहा सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन देण्यात आले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली. मदतीचा हात मोलाचा होता. पण मुदत संपताच 'आता पुढे काय?' म्हणत हेच तरुण आंदोलनाला उतरले. शिकविणाऱ्याने पुढच्या पायरीची हमी घेतली नाही, की प्रशिक्षण ही केवळ लांबविलेली बेकारी ठरते.

आपल्या परंपरेत याचे उत्तर सापडते. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले आणि 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. तेथे कारखाना हीच शाळा होती. भट्टीसमोर उभे राहून तरुण काचकाम शिकले आणि देशभरातील काच कारखान्यांना त्यांचे हात लाभले. समाजाने पैसा दिला, उद्योगाने भट्टी दिली, तरुणांनी घाम दिला. तिघांनीही आपला वाटा उचलला.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी 1965 साली मुंबईत मांडलेल्या एकात्म मानवदर्शनात काम मिळणे हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. विदर्भाचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी तर श्रमिकाला उद्योगाचा भागीदार मानले. या दृष्टीने पाहता तरुण म्हणजे 'मनुष्यबळाचा पुरवठा' नव्हे. दि. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या कारखान्यातील स्फोटात अनेक कामगारांचा बळी गेला. यंत्र चालविण्यासोबत स्वतःचा आणि शेजाऱ्याचा जीव जपण्याचे शिक्षण ज्यात नाही, ते प्रशिक्षण अपुरेच होय.

यापुढे किती तुकड्या निघाल्या, किती प्रमाणपत्रे वाटली हे आकडे पुरेसे मानू नयेत. एक वर्षानंतर किती जण कामावर आहेत, त्यांपैकी किती जण आपल्या जिल्ह्यात आहेत, हे दोनच प्रश्न विचारावेत. आणि हे प्रश्न केवळ शासनाला विचारून भागणार नाही. प्रत्येक तालुक्यात निवृत्त अभियंते, अनुभवी फोरमन, गिरणीमालक आहेत. आपले कार्यकर्ते त्यांच्या घरी जातात, येतात. अशा एकेका जाणकाराने आपल्या गावच्या आयटीआयसाठी आठवड्याचे दोन तास द्यावेत आणि त्याच्या ओळखीच्या कारखान्याचे दार दोन मुलांसाठी उघडावे. योजना शासनाची असेल. ती रुजवायची जमीन मात्र समाजाची आहे.