संगणकाच्या पोटात : ‘कमल’ कुठे हरवलं?

दोस्तांनो, घरातल्या जुन्या संगणकात आजोबांनी १९९८ साली टाइप केलेल्या आठवणींची फाइल सापडते. हौसेनं उघडावी, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! “बिघडली, टाका पुसून,” असं कुणी म्हणालं, तर आधी त्याचा हात धरा. फाइल बहुधा धडधाकट असते.

गंमत अशी, की संगणकाला अ-आ-इ-ई काही कळत नाही. त्याला कळतात फक्त आकडे. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, हे माणसांनी ठरवायचं. अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘ॲस्की’ नावाचा तक्ता ठरला. त्यात जागा १२८, आणि त्या सगळ्या इंग्रजीतच संपल्या. मग मराठीनं बसायचं कुठे? जुन्या फॉन्टवाल्यांनी शक्कल लढवली. आकडे इंग्रजीचेच ठेवले, त्यांवरची चित्रं तेवढी देवनागरी केली! कृतीदेव फॉन्टमध्ये ‘कमल’ लिहिलं, की फाइलमध्ये जातात १००, १०१, १२१. हे खरं तर डी, ई आणि वायचे आकडे. फॉन्ट आहे तोवर ‘कमल’, फॉन्ट गेला की ‘डे’!

१९९१ मध्ये युनिकोडचा पहिला तक्ता आला आणि आपल्या अक्षरांना स्वतःचे आकडे मिळाले. क २३२५, म २३५०, ल २३५४. आता फॉन्ट बदला, क हा कच राहतो.

आजोबांच्या फाइलला मात्र तिचा मूळ फॉन्ट हवा, नाहीतर युनिकोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम. मूळ प्रत जपून ठेवा बरं का! आणि रूपांतर झालं की आजोबांना शेजारी बसवून वाचा. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं नाही ना, हे मी तर सगळ्यात आधी बघेन. नाहीतर सह्याद्रीत फिरणारे आजोबा थेट समुद्रात!

अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले, तर आकडे बरोबर असतात, फॉन्टमध्ये चित्र नसतं. देवनागरी फॉन्ट घाला, काम झालं.

आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसला तर? युटीएफ-८ पद्धतीत ‘क’ तीन तुकड्यांत साठवतात : २२४, १६४, १४९. प्रोग्रॅमनं ते सुटे वाचले, की २२४ चा तो ए होतो. फाइल उघडताना एन्कोडिंगच्या यादीतून ‘युटीएफ-८’ निवडा. अक्षरं नीट दिसेपर्यंत ‘सेव्ह’ला हात लावू नका.