ठपका कुणावर?



2017 साली लक्ष्मीपूजन 19 ऑक्टोबरला होते. त्याच्या आगेमागे यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात कपाशीवर फवारणी केलेले शेतकरी आणि शेतमजूर दाखल होत होते. कुणाला दिसेनासे झालेले, कुणाला श्वास घेववत नव्हता. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडोंना विषबाधा झाली. यंदा अंकाचा विशेष विभाग शेतीतल्या विषावर आहे, तो या माणसांना स्मरून.

‘मजुरांनी काळजी घेतली नाही,’ असे तेव्हा बरेच बोलले गेले. हातमोजे नव्हते, तोंडाला फडके नव्हते, हे खरेच. पण 2002 साली आलेल्या बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी पुढे जुमानेनाशी झाली, यात मजुराचा काय दोष? अळी हटेना म्हणून फवारण्या वाढल्या. कोणते औषध कशात मिसळायचे, हे कृषी केंद्राच्या काउंटरवर ठरू लागले. 2017 साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. फवारा अंगावर, चेहऱ्यावर येत होता. अशा दोन-तीन विषांच्या मिश्रणाने माणूस आजारी पडला, की नेमका उतारा कोणता द्यायचा, हे डॉक्टरलाही चटकन कळत नाही.

ज्या विषासाठी गैरसोयीची, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्याच्या हाती देणे टाळावे, असे जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची आचारसंहिताच सांगते. विदर्भातल्या ऑक्टोबरच्या उन्हात रबरी हातमोजे, गॉगल आणि अंगभर कोट घालून दिवसभर पंप पाठीवर वागवता येत नाही. हे विष विकणाऱ्याला ठाऊक असते आणि परवाना देणाऱ्यालाही.

आपल्याकडे कायदा प्रेतांच्या मागून चालतो. 1958 साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे मेली. कीटकनाशक कायदा आला 1968 साली. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून मनाई होती, कपाशीवर मात्र मुभा राहिली. भाजीवर नको असलेले विष दुकानात मिळत राहिले आणि 2013 साली बिहारमधल्या गंडामन गावी ते शाळेच्या जेवणात गेले. 23 मुले दगावली. मोनोक्रोटोफॉसच्या 36 एसएल या प्रकारावर केंद्राने बंदी घातली ती 2023 साली. मधल्या दहा वर्षांत यवतमाळ घडून गेले होते.

पंप धुतलेले पाणी ओढ्यात जाते, रिकामे डबडे बांधावर पडते, मातीतले किडे आणि मधमाश्याही मरतात. त्यांची नोंद कोणत्याच रुग्णालयात होत नाही.

दिवाळी अंक जाहिरातींवर जगतो. तरीही या अंकात कीटकनाशकांच्या जाहिराती घेतलेल्या नाहीत. त्यामुळे पाने थोडी कमी झाली आहेत, वाचक सांभाळून घेतील.

एक विनंती मात्र आहे. आपल्यापैकी अनेकांची गावाकडे शेती आहे. कुणी वाट्याने दिली आहे, कुणी मजूर लावून करतो. डबड्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतिजहाल विष. ते रोजंदारीच्या माणसाच्या हाती देऊ नका. जे फवारायला आपण स्वतः धजणार नाही, ते आपल्या शेतात येता कामा नये.

दीपावलीच्या शुभेच्छा.

– संपादक