स्टेपनीत हवा आहे का?

डिलिव्हरीसाठी गाडी घ्यायची म्हटलं की नवी मुलं मला मायलेज विचारतात, हप्ता विचारतात. स्टेपनीबद्दल कुणीच विचारत नाही.

मीही पाहिली नव्हती. लग्नाच्या पत्रावळी-द्रोणांची ऑर्डर घेऊन साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाटात टायर बसला. जॅक होता, पाना होता, स्टेपनी मात्र चपटी! माल पोचला तेव्हा पंगती उठल्या होत्या. पैसे गेलेच, त्या केटररचा फोनही परत आला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, गाडीची देखभाल दुकानभाड्यासारखी कॉस्टिंगमध्ये धरा. ‘जमलं तर करू’ नाही. दर सोमवारी शटर उघडायच्या आधी, इंजिन थंड असताना ऑइल आणि कूलंट बघा. मग टायरची हवा, पाचही टायरची.

तरी गाडी बंद पडलीच तर आधी जीव, मग माल. गाडी डावीकडे कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा आणि स्वतः रस्त्यापासून लांब उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, अपघात असेल तर ११२. इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

आणि गिऱ्हाईकाला तिथूनच फोन करा, गाडी सुरू व्हायची वाट बघू नका. मी तो फोन दीड तासाने केला होता.