लंघनांची बेरीज कोण करणार?



गळीत हंगामाच्या काळात माझ्या चिकित्सालयात घडलेली एक हकिकत प्रथम निवेदन करतो. ती सांगताना संकोच वाटतो, कारण तीत रुग्णाची चूक थोडी आणि माझी अधिक आहे.

सोनई हे साखर कारखान्याचे गाव. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की साऱ्या परिसराचे घड्याळच बदलते. रात्रपाळ्या सुरू होतात, उसाच्या वाहनांची ये-जा अहोरात्र चालते, तोडीच्या तारखेची चिंता शेतकऱ्याच्या डोक्यावर असते. अशाच दिवसांत रात्रपाळीचे काम करणारे, चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. शरीर स्थूल, तपासणीत साखर मर्यादेच्या किंचित वर, औषध अद्याप कोणतेही नाही. त्यांनी आपल्या मनाने सुधारणेस आरंभही केला होता. सकाळची न्याहारी आणि रात्रीचा डबा बंद करून ते एकभुक्त राहू लागले होते. पाळी संपवून घरी येताच, न झोपता, तासभर भरभर चालत होते. शनिवारचा उपवास पूर्वीपासून होताच. त्या दिवशी शिंगणापूरला पायी जाण्याचा नेमही त्यांनी धरला होता.

मला त्यांच्या निश्चयाचे कौतुक वाटले. मी पाठ थोपटली, मेदोहर कल्प दिला आणि मलावष्टंभाची तक्रार होती म्हणून रात्री घेण्यास रेचक चूर्णही दिले. महिन्याभरात वजन चांगलेच उतरले. रुग्ण संतुष्ट, वैद्य संतुष्ट. दुसऱ्या महिन्यात मात्र ते आले ते सांधे दुखतात, तोंड कोरडे पडते, झोप येत नाही, भूकच मेली आहे, घरात लहानसहान गोष्टींवरून संताप होतो, अशी तक्रार घेऊन. दोन दिवसांपूर्वी मोटारसायकलवर डोळ्यांपुढे अंधारी आल्याने ते रस्त्याच्या कडेला थांबले होते. त्या रस्त्यावर त्या वेळी उसाने भरलेले ट्रॅक्टर चालू होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या दिवशी घरी आल्यावर चरकसंहितेतील लंघनबृंहणीय अध्याय पुन्हा काढला. पदवीच्या परीक्षेसाठी जो पाठ केला होता, तोच आता नव्याने वाचला.

दशविध लंघन आणि आपला विसर

चरकाचार्यांनी लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. वमन, विरेचन, निरूह बस्ती आणि नस्य ही चार शोधने. त्याखेरीज तृष्णानिग्रह, वारा, ऊन, पाचन, उपवास आणि व्यायाम. या यादीत उपवास आणि व्यायाम शेजारी शेजारी बसले आहेत, ही गोष्ट आपण सर्वांनी वाचलेली आहे, परंतु व्यवहारात आपण ती विसरतो. सामान्य माणूस उपवासाला आहाराच्या खात्यात टाकतो, व्यायामाला विहाराच्या, आणि कामाच्या ताणाला तर कोणत्याच खात्यात टाकत नाही. शरीराकडे मात्र खाते एकच असते. शरीराला हलके करणारे जे जे काही आहे ते लंघन, ही शास्त्राची व्याख्या आहे. म्हणून व्यायाम, उपवास, पाचन औषध आणि रेचक ही चार स्वतंत्र हितकर कर्मे नसून एकाच कर्माच्या चार मात्रा आहेत. त्यांची बेरीज करावी लागते.

माझ्या रुग्णात ही बेरीज अशी होती: एकभुक्त राहणे, शनिवारचा उपवास, रोजचा तासभर व्यायाम, उन्हातली पदयात्रा, पाचन, वर माझे रेचक. यांच्या जोडीला रात्रीचे जागरण, जे रूक्ष म्हणून शास्त्रप्रसिद्ध आहे. दहा प्रकार सांगताना आचार्यांनी रोगाचे बल आणि रोग्याचे बल पाहून त्यांची वाटणी केली आहे. सर्व प्रकार एकाच माणसावर एकाच महिन्यात योजावेत, असे त्यांना अभिप्रेत नाही. अतिलंघनाची लक्षणे सांगताना पर्वभेद, अंगमर्द, मुखशोष, क्षुधानाश, अरुची, मनाचा संभ्रम, डोळ्यांपुढे अंधार, अग्नी व बल यांचा नाश असा क्रम येतो. माझ्या रुग्णाने जवळजवळ हीच यादी तोंडाने म्हणून दाखविली होती.

ज्वरातील अपवाद

येथे कोणी म्हणेल, स्थूल आणि प्रमेही माणसाला लंघन द्यावयाचे नाही तर कोणाला? प्रश्न रास्त आहे. प्रमेह हा संतर्पणजन्य व्याधी आहे आणि त्यात अपतर्पण हेच मुख्य होय, याविषयी माझे दुमत नाही. बैठ्या माणसाला उठवून चालावयास लावणे हे आजच्या काळात वैद्याचे पहिले कर्तव्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी प्रसृत केलेला दोन वेळा जेवण आणि ४५ मिनिटे चालण्याचा कार्यक्रम २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. त्यामुळे वारंवार खाण्याच्या सवयीकडे लोकांचे लक्ष वेधले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. माझा आक्षेप कोणत्याही एका उपायाला नाही. प्रत्येक चांगला उपाय दुसऱ्या चांगल्या उपायावर रचत जाण्याला आहे.

दोन शास्त्रवचने या संदर्भात विशेष मननीय वाटतात. पहिले ज्वरचिकित्सेतील. नवज्वरात आरंभी लंघन द्यावे, असे सांगतानाच आचार्य अपवाद सांगतात: क्षय, वात, भय, क्रोध, काम, शोक आणि श्रम यांतून उद्भवलेल्या ज्वरात लंघन नको. ज्या व्याधीत लंघन हे पहिले औषध, त्या व्याधीतही भ्यालेल्या, संतापलेल्या, शोकाकुल आणि थकलेल्या माणसाला उपाशी ठेवू नये, हा त्याचा आशय. आजचा ‘कामाचा ताण’ हा शब्द संहितेत नाही. पण भय, क्रोध, शोक आणि श्रम हे चार शब्द आहेत, आणि त्यांत तो पुरेपूर सामावतो.

दुसरे अष्टौनिंदितीय अध्यायातील. मेदाने मार्ग अडलेला वायू कोष्ठात फिरून अग्नी पेटवितो. त्यामुळे स्थूल माणसाची भूक तीव्र असते आणि आहाराची वेळ टळली तर अग्नी व वायू त्याला वणवा रान जाळतो तसे जाळतात. म्हणूनच तेथे गुरू परंतु अपतर्पण आहार सांगितला आहे, म्हणजे पोट भरेल पण मेद वाढणार नाही असा. स्थूल दिसतो म्हणून उपास सोसेल, हे अनुमान शास्त्राला धरून नाही.

आपल्या परिसरातील चित्रे

श्रावण, नवरात्र, एकादशी, शनिवार, सोमवार अशा उपवासांची आपल्याकडे परंपरा आहे. श्रद्धेच्या उपवासाला वैद्याने हात लावू नये, असे माझे मत आहे. मात्र त्याचे स्वरूप विचारावे. दिवसभर काहीच नाही आणि सायंकाळी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी व तळलेले वेफर्स, हा उपवास दिवसा लंघन आणि रात्री विषमाशन ठरतो. वर्षाऋतूत अग्नी मंद असताना तर तो अधिकच बाधतो. त्याऐवजी भगर, ताक, राजगिरा, फळे असा हलका आहार वेळेवर घेतला, तर व्रतही पाळले जाते आणि अग्नीही सांभाळला जातो.

दुसरे चित्र पहाटेच्या रस्त्यांवरचे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली अंधारात धावत असतात. त्यांची जिद्द पाहून अभिमान वाटतो. पण त्यांतील कित्येक उपाशी पोटी धावून, दिवसभर अभ्यासिकेत बसून, रात्री उशिरापर्यंत जागतात. आचार्यांनी शोषाची चार कारणे सांगितली आहेत: साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. बलापेक्षा अधिक कर्म म्हणजे साहस. कामाच्या ठिकाणी वरिष्ठांसमोर बसलेला किंवा वाहनातून जाणारा माणूस संकोचाने वेग आवरतो, असे वर्णनही तेथे आहे. ट्रॅक्टरचालक, कारकून, शिक्षक आणि भरतीचा उमेदवार या सर्वांची दिनचर्या त्या चार शब्दांत मावते.

बलार्ध कसे ओळखावे?

मात्रेचे माप शास्त्राने दिलेलेच आहे. व्यायाम बलाच्या अर्ध्याने करावा. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम आणि तोंडास कोरड आली की थांबावे. शीतकाळी व वसंतात अर्धशक्ती, अन्य ऋतूंत त्याहून कमी. यात मी अनुभवाने एकच भर घालतो. ते बल आजचे मोजावे. चौथ्या वर्षी तालमीत होते ते नव्हे. रात्रपाळी केलेल्या माणसाचे त्या सकाळचे बल मुळातच अर्धे असते. त्याचे अर्ध म्हणजे पाव. त्याने आधी झोपावे, मग चालावे. अति व्यायाम, जागरण, वाटचाल यांच्या मागे लागणारा, हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नष्ट होतो, हा दृष्टांत आपण जाणतोच. सिंह दुर्बळ नव्हता, हे त्यात ध्यानी घेण्यासारखे आहे.

कोणतीही नवी सवय लावताना पादांशिक क्रम, म्हणजे पाव पाव हिश्श्याने बदल, हाही शास्त्राचाच नियम आहे. व्यायाम वाढविण्याच्या महिन्यात आहार तोडू नये; आहार बदलण्याच्या महिन्यात व्यायाम स्थिर ठेवावा; आणि कामाचा भार वाढलेला असेल तर दोन्ही आहेत तेथेच ठेवावेत. एवढा साधा नियम मी आता प्रत्येक रुग्णास लिहून देतो.

दुकानदार मित्रांस विनंती

रेचक चूर्ण, मेदोहर गोळ्या आणि पाचक यांची पुष्कळशी विक्री चिठ्ठीविना होते, हे आपण सर्व जाणतो. गिऱ्हाईक परत पाठवा असे मी म्हणत नाही. फक्त चार प्रश्न विचारावेत: दिवसातून किती वेळा जेवता? उपवास किती? झोप किती तास? आणि साखरेची वा रक्तदाबाची दुसरी औषधे चालू आहेत काय? मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी पोटी व्यायाम केल्यास साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे दिसताच, माणूस शुद्धीवर असल्यास, त्वरित साखर द्यावी आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवावे. तसेच चालताना छातीत दडपण येते असे सांगणाऱ्यास गॅसचे चूर्ण देऊन वाटेला लावू नये. त्याचा हृदयालेख प्रथम व्हावा.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ही उत्सुकता असेल. मी सर्व औषधे थांबविली. मुगाचे कढण, भाकरी व थोडे तूप असा दोन वेळांचा नियमित आहार, अभ्यंग, पाळीनंतर प्रथम झोप आणि सायंकाळी अर्धा तास चालणे एवढेच सांगितले. शनिवारचा उपवास त्यांनी सोडला नाही, मीही सोडावयास लावला नाही. पदयात्रा मात्र हंगाम संपेपर्यंत स्थगित झाली. झोप आणि भूक आधी परतली, स्वभाव नंतर. वजन पूर्वीपेक्षा संथ गतीने उतरत आहे. साखरेची तपासणी नियमाने चालू आहे.

आमच्या तालुक्याचे गाव नेवासे. शके १२१२ मध्ये तेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या गीतेचे ते भाष्य, तिच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यास योग नाही तसा मुळीच न खाणाऱ्यासही नाही, अति निजणाऱ्यास नाही तसा अति जागणाऱ्यासही नाही, असा निर्णय दिला आहे. या भूमीतील माणसाला मिताचार बाहेरून शिकविण्याची गरज नाही; त्याची आठवण करून देणारा कोणी हवा. रुग्ण स्वतः लंघनांची बेरीज करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक गोष्ट पुण्याची किंवा आरोग्याची असते. ती बेरीज आपणच करावयाची आहे, आणि तिचा आरंभ आपण लिहिलेल्या चिठ्ठीपासून करावयाचा आहे.

सदस्यांनी या विषयावरील आपले अनुभव, विशेषतः चुकांचे, अवश्य कळवावेत, ही विनंती.