सात घोडे उतरवा, आपल्या चित्रकाराची प्रिंट लावा

आपल्या नोकरदार बांधवांच्या नव्या फ्लॅटमधल्या भिंती एकदा नीट बघा. बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर असते, ती असायलाच हवी. पण हॉलमधली सगळ्यात मोठी भिंत कुणाला दिलेली असते? उधळलेल्या सात पांढऱ्या घोड्यांना! कुणा वास्तुशास्त्रवाल्याने सांगितलेलं असतं की घोड्यांनी बरकत येते. शोकेसमध्ये ढेरपोट्या 'लाफिंग बुद्धा' बसलेला असतो. तो सिद्धार्थ गौतम नाहीच, चिनी परंपरेतला एक भिक्खू आहे. २२ प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरातही वास्तुशास्त्र असं भिंतीवरून आत शिरलं आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. ते घोडे उतरवा आणि त्या जागी आपल्या चित्रकाराची सही असलेली प्रिंट विकत घेऊन लावा. हा सजावटीचा सल्ला नाही. जो चित्र विकत घेतो, तोच उद्या काय रंगवलं जाणार हे ठरवतो. आणि आज ते ठरवणाऱ्यांत आपण नाही.

प्रिंट म्हणजे बाजारातलं पोस्टर नव्हे. चित्रकार लाकडावर, लिनोलियमवर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र कोरतो, शाई भरतो आणि एकेक छाप कागदावर घेतो. २५ छाप घ्यायचं ठरलं तर प्रत्येकाखाली पेन्सिलने १/२५, २/२५ असा क्रमांक आणि सही येते. ठरलेले छाप झाले की तो पत्रा किंवा ठोकळा रद्द करायचा, ही त्या धंद्यातली रीत. यातला प्रत्येक छाप मूळ कलाकृतीच मानला जातो आणि तरीही तो त्याच चित्रकाराच्या कॅनव्हासपेक्षा बराच स्वस्त असतो. टॅबलेटवर काढलेलं डिजिटल चित्रही आता टिकाऊ शाईने, चांगल्या कागदावर, ठरावीक प्रतींत छापून विकलं जातं. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला कलासंग्रहाचं दार उघडतं ते इथे.

आपल्याकडे चित्रकार नाहीत, असं कुणी म्हणू नये. नागपूरचे सवि सावरकर यांनी एचिंगमध्ये अस्पृश्यता आणि देवदासी प्रथा अशी मांडली की बघणाऱ्याने नजर चुकवावी. विक्रांत भिसे यांच्या कॅनव्हासवर पँथर आणि नामांतराचे दिवस उभे राहतात. 'बेकरी प्रसाद' या नावाने काम करणाऱ्या सिद्धेश गौतम यांची डिजिटल चित्रं आपल्या हजारो तरुणांनी फोनवर पाहिली आहेत. याशिवाय कलामहाविद्यालयांतून दरवर्षी आपली पोरं-पोरी बाहेर पडतात. त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, कारण आपण ती विचारत नाही.

मग त्यांची चित्रं घेतं कोण? गॅलरीत जाणारा, पैसेवाला, बहुतेक करून सवर्ण ग्राहक. त्याच्या पैशाला आमची हरकत नाही. पण त्याला आपलं काय बघायला आवडतं? गळ्यातलं मडकं, कमरेचा झाडू, गटारात उतरलेला माणूस. ते सत्यच आहे आणि ते रंगवलंच पाहिजे. पण अभ्यासिकेत रात्रभर वाचणारी पोरगी, धम्मपरिषदेला निघालेली पांढऱ्या साडीतली आजी, लाल दिव्याच्या गाडीची स्वप्नं सोडून शेतीत राबणारा पदवीधर, हेही सत्य आहे. ते कोण विकत घेणार? ग्राहकाला आपली फक्त वेदना हवी असेल, तर पोटासाठी चित्रकार वेदनाच काढत राहणार. आपल्या आनंदाला आणि अभिमानाला गिऱ्हाईक हवं असेल, तर ते आपणच व्हायला हवं.

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात.

पहिला : 'वस्तीत पाण्याची बोंब, आणि तुम्हाला चित्रं सुचतात?' वस्तीत काम करणारे आम्हीही आहोत. आम्ही हे त्या वस्तीला सांगत नाही. सांगतो ते गाडीचा हप्ता भरणाऱ्या, पोराच्या वाढदिवसाला हॉल घेणाऱ्या वर्गाला. बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितलं होतं. त्या हिश्शाला हात लावू नका. घोड्यांचे पैसे तेवढे इकडे वळवा.

दुसरा : 'चित्र फोनमध्ये आहे की, विकत कशाला?' हा आक्षेप सगळ्यात वाईट. १४ एप्रिल जवळ आला की कुणाचं तरी चित्र उतरवून घ्यायचं, कोपऱ्यातली सही कापायची, खाली मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो चिकटवायचा आणि चौकात फ्लेक्स लावायचा. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम, मंडपवाल्याला बिल, चित्रकाराला मात्र 'समाजासाठी आहे ना, मग पैसे कसले?' फुकटात काम करून घेणं आणि वर नावही पुसणं याला आपल्या इतिहासात वेगळा शब्द आहे. त्याला वेठ म्हणतात. वेठबिगारीविरुद्ध लढलेल्या समाजाने आपल्याच लेकरांकडून वेठ घ्यावी? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे चित्राचे हक्क विकल्यानंतरही 'हे माझं काम आहे' असं सांगण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. संविधानाचा जयघोष करणाऱ्यांनी एवढा कायदा तरी पाळावा.

तिसरा आक्षेप वजनदार आहे : 'मर्यादित आवृत्ती हा भांडवली खेळ. चळवळीचं चित्र सर्वांचं हवं.' यातलं अर्धं आम्हाला मान्य आहे. २०२१ च्या मार्चमध्ये बीपल या अमेरिकन कलाकाराची एक डिजिटल फाइल लिलावात सुमारे ६.९ कोटी डॉलरला गेली आणि एनएफटीची लाट आली. चित्र कुणालाही इंटरनेटवर दिसत होतं. घेणाऱ्याच्या हाती आली ती मुख्यतः मालकीची नोंद. अशा जुगारात आपल्या तरुणांनी एक रुपयाही घालू नये. पण २५ प्रतींचा करार हा जुगार नव्हे. त्यात कागद मर्यादित असतो, विचार नाही. दलित पँथरने जिच्यावरून नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरकडे बघा. तिचे सांस्कृतिक मंत्री एमरी डग्लस यांची चित्रं पक्षाच्या वर्तमानपत्रात छापली जात आणि वस्तीतल्या भिंतींवर चिकटवली जात. चौकातलं पोस्टर अमर्यादच हवं. पण ते काढणाऱ्याच्या घरची चूल सही केलेल्या २५ प्रतींवर पेटत असेल, तर त्या आपणच घ्यायला नकोत का?

पगारातून संग्रह होतो का? न्यूयॉर्कचे हर्बर्ट व्होगेल टपाल खात्यात कामाला होते, पत्नी डोरोथी ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं आणि त्याच्या पगारातून कलाकृती घ्यायच्या. भाड्याच्या छोट्या घरात त्यांनी चार हजारांवर कलाकृती जमवल्या आणि १९९२ पासून तो संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे सोपवला. आपल्याकडे टपाल, रेल्वे, बँका, शाळांत किती माणसं आहेत, मोजा!

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. क्रमांक आणि सही पाहा. डिजिटल प्रिंट असेल तर हीच फाइल दुसऱ्या मापात पुन्हा छापणार का, हे आधी विचारा आणि लेखी घ्या. कागद कुठला, शाई कुठली, हे विचारायला लाजू नका. काच चित्राला टेकणार नाही अशी फ्रेम करा, ओल धरणारी भिंत आणि थेट ऊन टाळा. शेजारी चित्रकाराचं नाव लिहा. हप्त्याने पैसे देऊ का, असं विचारा, पण 'समाजाचे म्हणून अर्ध्यात द्या' असं म्हणू नका.

एकट्याला झेपत नसेल तर दहा जण मिळून घ्या आणि विहारातल्या अभ्यासिकेत लावा. नामांतराच्या लढ्यात किती पोस्टर्स रंगली, किती भिंती बोलल्या. त्यातलं आज आपल्या किती घरांत जपलेलं आहे? पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या बापाची आपण लेकरं. ग्रंथ जपायला आपण शिकलो, चित्रं जपायला अजून शिकायचं आहे.

येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने डीजेच्या खर्चातून एक तरी प्रिंट विकत घ्यावी, चित्रकाराला मंचावर बोलवावं आणि मानधनाचं पाकीट सगळ्यांसमोर हातात द्यावं. सुरुवात आपल्या गल्लीतल्या कलामहाविद्यालयात शिकणाऱ्या पोरीपासून करा.

जयभीम! नमो बुद्धाय!