आबांची कार्यशाळा : अडलेली गाडी

सुट्टीत नातू इंदूरला आला की आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरत नाही. यंदा रोलर कोस्टर! मेकॅनोचा सांगाडा, प्लास्टिकच्या नळ्यांचे रूळ. चढण नाहीच, मोटरवर उलटसुलट फिरणाऱ्या दोन रबरी चाकांच्या चिमटीतून गाडी सुटते. पण उभ्या वळशात ती दर वेळी अर्ध्यातून खाली पडे.

"आबा, मोठी मोटर आणा ना."

मी वही काढली. घर्षण सोडलं तरी २० सेंटीमीटर त्रिज्येच्या वळशाला तळाशी सेकंदाला ३.१ मीटर वेग हवा. १० सेंटीमीटरला २.२ पुरतो.

"लहान केला तर हरलोच की!" स्वारी रुसून झोपली. (हा गुण आजोळचाच.)

पहाटे घरघर ऐकून उठलो. वळसा निम्मा झालेला, गाडी गरगर फिरत होती. मला उठवलंही नव्हतं.